जिथून उचललीस तिथंच सोड

पोरी,

रात्री अकराला फोन करून तू एवढंच विचारलंस, "काका, कुत्री दुसरीकडं सोडली तर एकदाच चालेल का?" मी झोपेत हं-हूं केलं आणि फोन ठेवला. मग झोप उडाली ती उडालीच. म्हणून लिहितोय.

नाही चालणार.

तांबडीला जिथून उचललीस तिथंच सोड. त्याच गल्लीत, त्याच पिठाच्या गिरणीच्या पायरीपाशी. शेजारच्या गल्लीत नाही, नाल्यापलीकडे नाही, आणि वंटमुरी घाटात तर नाहीच नाही.

ती गल्लीतल्या पोराच्या पोटरीला चावली, हे खरं. जखमेवर हळद दाबायला निघालेल्या आजीला थांबवून तू साबण लावून पंधरा मिनिटं नळाखाली पाय धुवायला लावलास आणि पोराला दवाखान्यात नेलंस. आता त्याची २८ व्या दिवसाची शेवटची सुई होईपर्यंत त्या घरी जात राहा. दुखायचं थांबलं की लोक सुई विसरतात. तांबडी दहा दिवस पिंजऱ्यात होती, खात-पीत होती. चावताना कुत्र्याच्या लाळेत रेबीज असता तर एवढ्या दिवसांत ते धड राहिलं नसतं. ती शांत आहे असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय. मग अडलंय कुठं? गल्लीतल्या चार वजनदार माणसांपाशी. एक कन्नडमध्ये म्हणतो "नायी इल्ली बिडब्याड्री", कुत्रं इथं सोडू नका, दुसरा मराठीत म्हणतो "परत आणलीस तर बघ". आणि तिसरा हळूच कानात सांगतो, घाटात सोड, कुणाला कळतंय.

हे तिसऱ्याचं वाक्य मी २००९ साली ऐकलंय, आणि ऐकून तसं वागलोयसुद्धा.

पाच कुत्री होती. नसबंदी झालेली, सुई टोचलेली, कानाला खाच असलेली. मीच धरली होती, मीच परत न्यायची होती. नियम तेव्हाही हाच होता, २००१ पासून होता, आणि मला तो पाठ होता. पण कुत्री धरायची नोकरी कंत्राटी, घरात दोन लहान पोरं, आणि वरून सांगणाऱ्याचा आवाज असा की पुढच्या महिन्याचा पगार डोळ्यांपुढं यावा. पहाटे गाडी घाटात थांबवली आणि दार उघडलं. चार उतरली. पाचवी उतरेना. तिला मी ओढून काढली. तिसऱ्या दिवशी त्याच रस्त्यानं संकेश्वरला जाताना दोन हायवेवर पडलेली दिसली. नवव्या दिवशी एक परत आली, त्याच गल्लीत, तळपाय सोललेले. उरलेल्या एकाचं आणि त्या पाचवीचं काय झालं ते मला कधीच कळलं नाही.

तू म्हणशील, तेव्हा तुमची अडचण होती. होती की! मी आजही स्वतःला तेच सांगतो. पण अडचण सांगून झाली की ती पाचवी आठवतेच.

आणि गल्लीला काय मिळालं? दोन महिन्यांत दुसरी टोळी आली. खाण्याची जागा रिकामी राहत नाही गं. कोंबडीच्या दुकानामागं उरलंसुरलं पडतंय तोवर कुत्री येणारच. नवीन आलेल्यांचे कान अखंड, म्हणजे ना नसबंदी, ना लस. भाद्रपद आला, माद्यांच्या मागं नर भांडले, ६३ दिवसांनी ऐन थंडीत पिल्लं झाली, आणि पिल्लांच्या आया माणसांवर धावू लागल्या. जुनी पाच तिथं असती तर परक्यांना गल्लीत शिरू दिलं नसतं. दहातल्या सात कुत्र्यांना लस असली की रेबीजची साखळी तुटते. टोचलेलं कुत्रं घाटात टाकलंस की सातातलं एक तू स्वतःच्या हातानं काढलंस.

म्हणून परत सांगतो, जिथून उचललीस तिथंच.

तू मला ७ नोव्हेंबर २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश वाचून दाखवलास. शाळा, इस्पितळं, क्रीडा संकुलं, बस आणि रेल्वे स्थानकं, इथून उचललेली कुत्री तिथं परत सोडायची नाहीत. बरोबर आहे, पाळ. पण गिरणीची पायरी शाळा नव्हे. आणि त्या आदेशातसुद्धा कुत्र्यांना निवाऱ्यात ठेवा म्हटलंय, घाटात सोडा म्हटलेलं नाही. पिसाळलेलं किंवा अंगावर येणारं कुत्रं सोडू नये, हे त्याच वर्षीच्या २२ ऑगस्टच्या आदेशात आहे. त्यासाठीच डॉक्टरांचा तो कागद जपून ठेव. बाकी गल्लीबोळांना २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम आहेतच, जिथून उचललं तिथंच सोडा म्हणणारे. आणि सगळीच निवाऱ्यात भरू म्हणणाऱ्यांना एकदा पावसाळ्यात आपल्या शेडमध्ये आण. वीसच्या जागी चाळीस कोंबली की पार्वो, पिल्लांना मारणारा जुलाबाचा रोग, एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात कसा जातो ते त्यांनी बघावं. मी पिल्लं पोत्यात भरून पुरलीत. मला कुणी समजावू नये.

चिडून लिहितोय, वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्यावर नाही चिडलो. तू विचारलंस तरी, मी तेव्हा कुणालाच विचारलं नव्हतं.

उद्या दुपारी त्या कोंबडीवाल्याला भेट. झाकणाचा डबा ठेव म्हण, आणि कचऱ्याची गाडी यायच्या वेळीच बाहेर काढ म्हण. पोरगा कुत्र्यांमधून सायकल पळवत होता हे आई-बापाला नीट सांग, पण त्याला दोष देऊन नको.

परवा पहाटे साडेपाचला मी गिरणीपाशी येतो. दुकानं उघडायच्या आत काम व्हायला हवं. आजीशी कन्नडमध्ये मी बोलेन, कानाची खाच आणि कागद दोन्ही तिला दाखवेन. तू गाडी मागं घेऊन दार पायरीकडे कर, उघड, आणि बाजूला हो. हाक मारू नकोस, ढकलू नकोस. वेळ लागला तरी तिची तिला उतरू दे.

काका
शहापूर, बेळगाव