ब्लॅकजॅक (पानांची बेरीज 21 च्या पुढे न जाता जमेल तितकी जवळ नेण्याचा पत्त्यांचा खेळ) शिकवणारा जुना मोफत प्रोग्राम विंडोज 11 वर चालत नाही. लॅपटॉपमध्ये दोष आहे का? दुसरा कोणता घ्यावा?

लॅपटॉपमध्ये काहीही दोष नाही. तुम्ही उतरवून घेतलेला प्रोग्राम डॉस किंवा विंडोज 3.1 च्या काळातला, म्हणजे 16 बिटचा दिसतो. असे प्रोग्राम चालवणारा भाग 64 बिटच्या विंडोजमध्ये ठेवलेलाच नाही. 32 बिटच्या विंडोज 10 मध्ये तो होता, पण विंडोज 11 ची 32 बिट आवृत्ती मुळात निघालीच नाही. त्यामुळे ‘कम्पॅटिबिलिटी’मध्ये जाऊन विंडोज 95 निवडत बसण्यात अर्थ नाही. प्रोग्राम डॉसचा असेल, तर डॉसबॉक्स नावाचा मोफत इम्युलेटर, म्हणजे जुन्या संगणकाची नक्कल करणारा प्रोग्राम घ्या, ब्लॅकजॅकच्या प्रोग्रामचा फोल्डर त्यात माउंट करा (जोडा) आणि तिथून चालवा.

अशा मोफत प्रोग्रामांवर विश्वास ठेवावा का, यावर आमच्या घरात 2000 सालापासून वाद चालू आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या वर्षी इचलकरंजीत माझा संगणकाचा क्लास होता. माझे दाजी एका प्रवासी जहाजावर वेटर होते आणि सुट्टीवर आले होते. पुढच्या करारात त्यांना जहाजावरच्या कॅसिनोत डीलर, म्हणजे कॅसिनोतर्फे पाने वाटणारा म्हणून जायचे होते आणि त्यासाठी पाने दिसताक्षणी बेरीज तोंडातून बाहेर पडण्याचा सराव हवा होता. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरचा मोफत प्रोग्राम मी त्यांना काढून दिला, पण क्लासमधल्या नव्याकोऱ्या पेंटियम थ्रीवर तो सुरू होताच ‘रनटाइम एरर 200’ एवढे लिहून बंद पडू लागला. “फुकटचा माल असाच असतो,” असे दाजी म्हणाले आणि मला ते लागले, कारण प्रोग्राम बिघडलेला नव्हता, संगणक गरजेपेक्षा वेगवान होता. टर्बो पास्कल या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेले बरेच प्रोग्राम सुरुवातीलाच एक रिकामी फेरी फिरवून यंत्राचा वेग मोजतात. वेग फार असला की त्या मोजणीतल्या भागाकाराचे उत्तर ठरलेल्या 16 बिटांत मावत नाही आणि प्रोग्राम तिथेच मान टाकतो. मी माळ्यावरचे जुने 486, म्हणजे पेंटियमच्या आधीच्या पिढीतले यंत्र खाली उतरवले, त्यावरची धूळ झटकली, आणि त्याच्यावर तोच प्रोग्राम पहिल्या फटक्यात चालला. (डॉसबॉक्समध्येही हीच चूक दिसली, तर कंट्रोल आणि एफ 11 दाबून वेग कमी करा.)

क्लास सुटल्यावर दाजी रोज रात्री चिवड्याची वाटी घेऊन त्या यंत्रापुढे बसत. तिसऱ्या की चौथ्या रात्री त्यांना एक्का आणि राजा, म्हणजे पहिल्या दोन पानांतच 21, सरळ ब्लॅकजॅक लागला आणि डीलरपुढे एक्का होता. अशा वेळी ‘इव्हन मनी’ घेता येते, म्हणजे डीलरचे दुसरे पान कळण्याआधीच लावलेल्या रकमेइतकी जीत पदरात पाडून मोकळे होता येते. दाजींनी ती घेतली आणि प्रोग्रामने लाल अक्षरांत चूक दाखवली. दाजी भडकले. हातात आलेला पैसा सोडा असे सांगणारे यंत्र मूर्ख आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

हा हिशेब अवघड नाही. सहा कॅटची 312 पाने असतात. तुमची दोन आणि डीलरचा एक्का वगळता 309 उरतात आणि त्यांत दहाच्या किमतीची (दश्शी, गुलाम, राणी, राजा) 95 असतात. उरलेल्या 214 पानांपैकी कोणतेही आले, तर 100 रुपयांच्या डावावर 150 रुपये मिळतात; दहाच्या किमतीचे आले, तर बरोबरी होऊन काहीच मिळत नाही. म्हणजे इव्हन मनी नाकारणाऱ्याच्या वाट्याला सरासरी जवळपास 104 रुपये येतात आणि घेणाऱ्याच्या वाट्याला 100. दाजी पुढे काही वर्षे डीलर होते आणि आपण विचारल्यावर नको म्हणणारे गिऱ्हाईक क्वचितच भेटले, हे ते आजही स्वतःच्या बाजूचा पुरावा म्हणून सांगतात. माझ्या मते तो कॅसिनोच्या बाजूचा पुरावा आहे.

पण एका बाबतीत दाजी बरोबर होते. “रोज पहिला डाव तोच असतो, मला दश्शी आणि छक्की, डीलरला राणी, हे यंत्र पढवलेले आहे,” असे ते एकदा जेवताना म्हणाले आणि मी आई आणि ताईसमोर त्यांना हसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकट्याने आठ डाव कागदावर लिहून घेतले, प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केला, तर आठही डाव जसेच्या तसे आले. लिहिणारा बहुधा ‘रँडमाइझ’ ही एक आज्ञा द्यायला विसरला होता. ती नसली की टर्बो पास्कल दर वेळी तोच क्रम पहिल्यापासून देतो. हे मी दाजींना चार वर्षांनी, भाचीच्या बारशात सांगितले आणि तेव्हापासून त्यांचा युक्तिवाद असा आहे की, पत्ते पिसण्यात खोट होती म्हणजे सल्लाही खोटा होता. तो तसा नव्हता. पत्ते पिसणे आणि कोणत्या पानांवर काय करावे हे सांगणारा सल्ल्याचा तक्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तो तक्ता 1956 साली अमेरिकेत चौघांनी टेबलावरच्या गणनयंत्रांवर आकडेमोड करून मांडला आणि पुढे गणितज्ञ एडवर्ड थॉर्प यांनी आयबीएम 704 संगणकावर तो अधिक नेमका केला. इचलकरंजीतल्या 486 ने पाने कशी पिसली, यावर तो अवलंबून नाही.

तेव्हा कोणताही प्रोग्राम घेतलात, तरी आधी तो दोनदा सुरू करून पहिले पाच डाव ताडून पाहा. त्यानंतर त्याचे नियम आणि तुमच्या टेबलाचे नियम जुळतात का ते बघा, कारण संगणकाशी जुळण्यापेक्षा हे जुळणे महत्त्वाचे आहे. जुने अमेरिकी प्रोग्राम डीलर दुसरे पान आधीच घेऊन तपासतो असे धरून चालतात आणि डीलरच्या दश्शीसमोर दोन अठ्ठ्या फोडायला, म्हणजे तेवढीच रक्कम आणखी लावून त्यांचे दोन वेगळे डाव करायला सांगतात. डीलर ते पान शेवटी घेत असेल आणि त्याच्या ब्लॅकजॅकला तुमची वाढवलेली रक्कमही जात असेल, तर तोच सल्ला चुकीचा ठरतो.

नवा प्रोग्राम हवा असेल, तर ब्राउझरमध्ये चालणारा घ्या. ‘विझार्ड ऑफ ऑड्स’ या संकेतस्थळावरचा मोफत आहे, चूक झाली की तिथेच सांगतो आणि त्याला विंडोज कोणते याच्याशी देणेघेणे नाही. ब्राउझरच्या जुन्या ‘फ्लॅश’ प्लगइनवर चालणारे शोधू नका, ते जानेवारी 2021 पासून बंद आहेत. मॅक असेल, तर 2019 च्या कॅटालिना या आवृत्तीपासून 32 बिटचे काहीही चालत नाही. अनोळखी ठिकाणाहून घेतलेली फाइल विषाणू तपासल्याशिवाय उघडू नका, हे मी सुरुवातीलाच लिहायला हवे होते.

तक्ता तोंडपाठ झाला, तरी चांगल्या नियमांच्या टेबलावर लावलेल्या रकमेचा साधारण अर्धा टक्का सरासरीने कॅसिनोकडे राहतोच, आणि ब्लॅकजॅकला 3:2 ऐवजी 6:5 (100 रुपयांवर 150 ऐवजी 120) देणाऱ्या टेबलावर त्यात आणखी सुमारे 1.4 टक्के वाढतात. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ पुरवण्यावर 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे, महाराष्ट्रात कॅसिनो नाहीत, आणि तुम्ही गोव्याचे रहिवासी असाल, तर फेब्रुवारी 2020 पासून तिथल्या कॅसिनोत खेळायला तुम्हाला प्रवेश नाही.