स्वस्त गाव, बंद घरे आणि चित्रकारांचे बिऱ्हाड

प्रश्न : मी एचिंग पद्धतीने, म्हणजे धातूचा पत्रा आम्लाने कोरून त्यावरून कागदावर छाप घेऊन, मुद्राचित्रे करते. धायरी येथे भाड्याच्या दोन खोल्यांत माझा स्टुडिओ आहे. दर अकरा महिन्यांनी करार नवा होतो आणि भाडे वाढते. शिकवण्या आणि अधूनमधून विकली जाणारी चित्रे यांतून मिळणाऱ्या पैशांचा मोठा भाग त्यातच जातो. माझ्यासह चार चित्रकारांना राजापुरात एक जुने कौलारू घर, परसू आणि विहिरीसह, आम्ही पुण्यात देतो त्याच्या चौथ्या हिश्श्याइतक्या भाड्यात मिळत आहे. त्याच आळीतील आणखी काही घरे कुलूपबंद असून ती विकायलाही मालक तयार आहेत, असे कळते. ओस पडलेली गावे चित्रकारांनी पुन्हा वसवल्याचे आपण परदेशांविषयी वाचतो. आम्ही जावे का, आणि जायचेच तर घर विकत घ्यावे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : घर स्वस्त का आहे, याचा शोध आधी घ्यावा, कारण ज्या कारणाने गावातली माणसे गेली ते कारण चित्रकारांनाही चुकत नाही. इंग्रजांनी १६४९ मध्ये जेथे वखार घातली आणि १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी जे लुटले, असे राजापूर हे एके काळचे मातब्बर बंदर होते. पुढे खाडी गाळाने भरत गेली, गलबते गावापर्यंत येईनाशी झाली, पेठ उतरणीला लागली आणि पुढच्या पिढ्यांनी मुंबईची वाट धरली. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत सुमारे ४.८ टक्क्यांनी घटलेली आढळली आणि राजापूर नगरपरिषदेच्या हद्दीत दहा हजारांहूनही कमी माणसे राहत असल्याची नोंद झाली. शिवाय अर्जुना आणि कोदवली नद्यांना पूर आला की पाणी जवाहर चौकात शिरते. आपल्याला मिळणारे घर त्या पाण्याच्या टप्प्यात येते का, हे मालकाला न विचारता समोरच्या दुकानदाराला विचारावे.

परदेशातील गावांच्या कहाण्या आपल्यापर्यंत येतात त्या बहुधा अर्ध्याच. टेक्सासमधील मार्फा येथील लष्करी तळ १९४६ मध्ये बंद झाल्यावर ते गाव आटत गेले आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला डोनाल्ड जड हा शिल्पकार तेथे जाऊन राहिला, हे खरे आहे. परंतु जड तेथे गेला तेव्हा न्यूयॉर्कमध्ये त्याचे नाव झालेले होते आणि त्याची कामे विकली जात होती. मार्फात त्याला जागा हवी होती, गिऱ्हाईक नव्हे. पुढे गाव प्रसिद्ध झाले, घरांच्या किमती चढल्या आणि पूर्वापार राहणाऱ्यांनाच तेथे घर घेणे अवघड होऊन बसले. केंटकी राज्यातील पडुका या गावाची गोष्ट आपल्याला अधिक उपयोगी पडावी. तेथे २००० मध्ये नगर प्रशासनानेच कलावंतांना बोलावण्याची योजना काढली, लोअरटाउन नावाच्या पडझड झालेल्या वस्तीतील घरे नाममात्र किमतीत देऊ केली, एकाच वास्तूत राहण्याची, काम करण्याची आणि विक्री करण्याची परवानगी दिली, आणि स्थानिक बँकेने घराच्या चालू मूल्यांकनापेक्षा अधिक कर्ज दुरुस्तीसाठी दिले. आपल्या बाबतीत नगरपरिषदेने बोलावलेले नाही आणि बँक चाळीस लाखांचे घर तारण ठेवूनही चित्रकाराला कर्ज देताना दहा वेळा विचार करते. म्हणजे तेथे गावाने उचललेला भार येथे आपल्या चौघांच्याच खांद्यावर येणार आहे.

माझ्या मते आपण जे उदाहरण समोर ठेवावे ते चोलमंडलचे आहे. मद्रासच्या कला महाविद्यालयाचे प्राचार्य के. सी. एस. पणिकर आणि त्यांचे विद्यार्थी यांनी १९६६ मध्ये शहराबाहेर, समुद्रकाठच्या इंजंबाक्कम येथे जमीन घेऊन हे कलाग्राम उभारले. तेव्हा तो भाग आडबाजूचा होता. त्या मंडळींनी आधी बाटिकचे कापड आणि इतर हस्तकलेच्या वस्तू करून विकल्या, त्यातून पैसा उभा केला, आणि मग जमीन घेतली. चित्र विकले गेले नाही तरी बाटिक विकले जात होते, म्हणून चूल पेटत राहिली. आता मद्रासचे चेन्नई झाले आहे, शहर वाढत वाढत त्या वस्तीपर्यंत येऊन पोचले आहे आणि भोवतालच्या जमिनीचे मोल कितीतरी वाढले आहे. तरीही चोलमंडल टिकून आहे, कारण जमीन भाड्याची नव्हती. आधी रोजच्या विक्रीचे काही साधन आणि मग जागा, हा क्रम आपण उलटा करू पाहत आहात. मुद्राचित्राच्या एका पत्र्यावरून अनेक प्रती निघतात, तेव्हा हे साधन आपल्या हाताशी आहेच: दिनदर्शिका, पुस्तकांची मुखपृष्ठे, लग्नपत्रिका यांची निश्चित मागणी पुण्यातून मिळत असेल तर राजापूर परवडेल. केवळ वर्षातून एकदा बालगंधर्व कलादालनात भरणाऱ्या प्रदर्शनावर भिस्त असेल तर परवडणार नाही.

वाहतुकीचा विचार वेगळा करावा. राजा रविवर्मा यांच्या छापखान्याने १८९९ मध्ये मुंबई सोडून मळवलीला बस्तान हलवले, तेव्हा ते गाव मुंबई-पुणे लोहमार्गावर होते आणि छापलेला माल डब्यात घालून पाठवता येत होता. राजापूर रोड स्थानक मात्र गावापासून दूर आहे, आणि पुण्याहून जाणारा अणुस्कुरा घाट पावसाळ्यात दरड कोसळून बंद होत असतो. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत माल अडकून पडेल असे धरूनच वर्षाचा हिशेब मांडावा.

आता आपल्या कामाचे. कोकणातला पाऊस पुण्याच्या पावसाच्या चौपट-पाचपट असतो आणि चिऱ्याची भिंत तो पाऊस पिते. कागदाची चवड भिंतीला टेकवून ठेवली तर गणपतीपर्यंत त्यावर तपकिरी ठिपके उमटतात. टिपकागदाच्या मध्ये ठेवलेली ओली प्रत पुण्यात रात्रीत वाळते, तेथे ती दिवसेंदिवस दमट राहते. प्रेसच्या लोखंडी पाट्यावर खाऱ्या, दमट हवेने तांबूस गंज चढतो आणि तो ब्लँकेटवरून (छापताना कागदावर घालायच्या जाड लोकरी कापडावरून) थेट प्रतीवर उतरतो. एक खोली तरी बंदिस्त करून तिच्यात हवेतला ओलावा शोषणारे यंत्र चालवावे लागेल, आणि वीज जाईल तेव्हा तेही थांबेल. याहून गंभीर बाब नायट्रिक आम्लाची आहे. पत्रा खोदून झाल्यावर उरणारे आम्लाचे पाणी परसात ओतले तर तांब्याच्या क्षारांसह ते विहिरीत उतरेल, आणि त्या विहिरीचे पाणी शेजारचे घरही पीत असेल. खाण्याच्या सोड्याने आम्ल शमवून साका वेगळा साठवण्याची सोय होईपर्यंत तेथे एचिंग सुरू करू नये. शेजाऱ्यांशी बिघडले की लहान गावात राहणे होत नाही.

घर लगेच विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कोकणातील जुनी घरे बहुधा सामाईक असतात. नगरपरिषदेच्या घरपट्टीवर एका भावाचे नाव दिसते, पण घरपट्टीची नोंद म्हणजे मालकी नव्हे, आणि मिळकत पत्रिकेवर पणजोबांचे नाव असून त्यांचे वारस डोंबिवलीपासून दुबईपर्यंत पसरलेले असतात. सर्वांच्या सह्या झाल्याशिवाय इसार देऊ नये. लगतची बाग शेतजमीन म्हणून नोंदलेली असेल तर १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीवाचून ती घेता येत नाही. तेव्हा निवासासाठी लिव्ह अँड लायसन्सचा, नोंदवलेला आणि अकराऐवजी छत्तीस महिन्यांचा करार करावा, मुद्राचित्रणाला त्यात लेखी संमती घ्यावी, आणि शिकवण्या सोडून चौघांनी एकदम न जाता दोघांनी आधी जावे. जाण्याचा महिना जून असावा. डिसेंबरात राजापूर कोणालाही आवडते.

प्रश्न : आमचे वडिलोपार्जित घर कोकणातील एका लहान गावात अनेक वर्षे बंद आहे. काही तरुण चित्रकार ते भाड्याने मागत आहेत. मला द्यावेसे वाटते. परंतु ते घर बळकावतील अशी भीती माझ्या भावांना वाटते. त्यांच्या येण्याने गावाचा काही फायदा होईल का?
— कोथरूडचे एक वाचक

उत्तर : बंद घर वाळवी आणि पाऊस मिळून बळकावतातच. कौले सरकतात, वासे कुजतात आणि एके वर्षी माजघरात आभाळ दिसते. राहते घर निदान दर वैशाखात शाकारले जाते. भावांच्या भीतीवर कायद्यात उपाय आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. करार नोंदवला नाही तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणेच, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. निवासासाठी दिलेली जागा मुदत संपल्यावर परत मिळवण्याची आणि ती न सोडल्यास दुप्पट दराने भरपाई मिळण्याची तरतूद कलम २४ मध्ये आहे. म्हणून करारात निवास हा हेतू स्पष्ट लिहावा, चित्रकामाला परवानगी द्यावी, आणि मसुदा वकिलाला दाखवावा. सर्व भावांची संमती त्याला जोडावी, म्हणजे उद्या घरातच वाद नको.

गावाचा फायदा विचाराल तर तो थोडाच आणि सावकाश होईल. चार चित्रकार आल्याने शाळेची पटसंख्या वाढत नाही. किराणावाला, सुतार, गवंडी यांना मात्र काम मिळते आणि गावात जपल्या गेलेल्या एखाद्या कलेशी चित्रकारांचा संबंध जुळला तर त्या कारागिरांनाही मागणी येते. सावंतवाडीची लाकडी खेळणी किंवा पिंगुळीची चित्रकथी (चित्रे दाखवत कथा सांगण्याची कला) यांच्या आसपास नव्या माणसांनी शिकायला जाणे मला म्हणूनच अधिक फलदायी वाटते.

भाडे कमी ठेवून शाकारणीचा खर्च त्यांच्याकडे द्यावा आणि किती खर्चापर्यंत भाड्यातून वळता होईल तो आकडा लिहून घ्यावा. देवघराची किल्ली कोणाकडे राहील तेही ठरवावे, आणि गणपतीचे व शिमग्याचे कोणते दिवस आपले कुटुंब घरी येईल, तेव्हा पडवी आणि माजघर कोणाकडे असेल, हे करारातच तारखांसह नमूद करावे; पुण्या-मुंबईची सगळी मंडळी त्याच दिवसांत गावात असल्याने चित्रकारांनाही त्यांची चित्रे मांडायला पडवी हवी असेल.