शपथ देणारे गुरुजी

ताई, मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. वय ३९. गेली १७ वर्षं सिगारेट ओढतोय, दिवसाला दहा-बारा. उठल्या उठल्या चहाबरोबर एक ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही. शाळेत तंबाखूमुक्तीची शपथ मीच देतो आणि मधल्या सुट्टीत गाडी काढून शेजारच्या गावच्या टपरीवर जातो. मुलगी चौथीत, माझ्याच वर्गात आहे. शपथेच्या वेळी ती हात पुढे करून माझ्याकडे बघत राहते. तीनदा सोडून पाहिली. शेवटच्या वेळी अकरा दिवस टिकलो, मग निवडणूक ड्युटीच्या रात्री पुन्हा सुरू झाली. इथल्या डॉक्टरांकडे गेलो तर गावभर होईल. माझ्यात निग्रहच नाही का?
— एक गुरुजी

गुरुजी,

ते अकरा दिवस तुम्ही हरल्यासारखे लिहिलेत. मला ते तसे वाटत नाहीत. सोडल्यावर दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट असतो. डोकं जड, झोप नाही, पोरांवर उगाच ओरडणं. ते सगळं तुम्ही पार केलं होतं. घसरलात ते एका रात्री: परकं गाव, जागरण, सोबतचे ओढणारे आणि पहाटे साडेपाचला मॉक पोल, म्हणजे मतदानयंत्राची चाचणी. अशा रात्री खिशात काय ठेवायचं, हे कुणी तुम्हाला सांगितलं नव्हतं. निग्रह कमी पडला असं मी तरी म्हणणार नाही.

निकोटिन रक्तात साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं. रात्रभराच्या झोपेनंतर शरीर ते मागायलाच लागतं. उठल्यावर अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल, तर अवलंबन पक्कं, असं डॉक्टर मानतात. अशा माणसाला मनाच्या जोरावर सोड म्हणणं म्हणजे चष्मा लागलेल्या मुलाला फळ्याकडे नीट बघ म्हणण्यासारखं आहे. तुम्ही त्या मुलाला चष्मा लावायला सांगाल ना? मग तुम्हीही औषधाची मदत घ्या. निकोटिनचं च्युइंगगम औषधाच्या दुकानात मिळतं, डोस मात्र डॉक्टरांना विचारून ठरवा. ते हळू चावायचं, तोंडात झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचं, त्या ओसरल्या की पुन्हा चावायचं, असं अर्धा तास. भराभर चघळलं की उचकी लागते, मळमळतं आणि लोक वैतागून टाकून देतात. चहानंतर पंधरा मिनिटं घेऊ नका, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. कोठा काही दिवस जड राहील. रात्री कोमट पाण्यातून इसबगोल घ्या, सकाळी पायी एक फेरी मारा.

गावभर होण्याची भीती खरी आहे, लहान गावात मीही वाढले आहे. म्हणून सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला, तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या हेल्पलाइनचा नंबर वापरा: १८००-११-२३५६. २०१८ पासून तो तिथे आहे, तुम्ही हजारदा हातात धरलाय. फोन फुकट, मराठीत बोलतात. सोडण्याची तारीख तुमच्याशी बोलून ठरवतात आणि पुढे विचारपूस करायला स्वतः फोन करतात. गोळ्यांची गरज वाटली तर साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दाखवा, तिथे तुम्हाला कोण ओळखणार?

आता लेकीचं. तिला माहीत आहे, गुरुजी. शर्टाचा वास मुलांना कळतो. तिला एकटीला जवळ बसवून सांगा: बाबांना सवय लागलीय, सोडतोय, जड जातंय. पण तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेऊ नका. उद्या एखादी ओढली गेली, तर त्याचं ओझं त्या पोरीच्या मनावर बसेल. तिला तुमच्यावर पहाऱ्यालाही बसवू नका. ते काम मोठ्या माणसाचं, आणि तुमच्या पत्रात बायकोचा एक शब्दही नाही. सोडायची तारीख सगळ्यात आधी त्यांना सांगा. पहिले चार दिवस तुम्ही घरात कसे वागाल, हेही सांगून ठेवा.

आणि एक. चाळिशीच्या आत जो सोडतो, त्याचा सिगारेटमुळे लवकर मरण्याचा वाढीव धोका सुमारे ९० टक्क्यांनी टळतो. तुम्ही ३९ चे आहात.

फोन सकाळी ८ ते रात्री ८ चालू असतो, सोमवारी बंद. तेव्हा मंगळवारी शाळा सुटली की टपरीच्या वाटेला लागण्याआधी एखाद्या झाडाखाली गाडी उभी करा आणि लावा.

— ताई