‘हीनयान’ आणि ‘थेरवाद’ : कोणता शब्द कुठे?

प्रश्न असा आहे : श्रीलंका, म्यानमार, थायलंडच्या बौद्धांना ‘हीनयान’ म्हणावं की ‘थेरवाद’? दोन्ही शब्द एकच का?

एकच नाहीत. आजच्या लोकांबद्दल लिहिताना ‘थेरवाद’च लिहावं. ‘हीनयान’ हे नाव कुठल्याही पंथानं स्वतःला लावून घेतलेलं नाही. महायान, म्हणजे ‘मोठं यान (वाहन)’, असं स्वतःला म्हणवणाऱ्या बौद्ध परंपरेच्या ग्रंथांनी ते इतरांना दिलं. काही जण त्याचा अर्थ ‘लहान यान’ असा सौम्य करून सांगतात. चिनी भाषांतरात तसा शब्द आहे खरा, पण संस्कृतातलं ‘हीन’ म्हणजे टाकलेलं, उणं, हलकं. आपल्या ‘हीन लेखणे’मधलं हीन ते हेच. ‘थेर’ हा पाली शब्द, संस्कृतात ‘स्थविर’, म्हणजे ज्येष्ठ भिक्खू.

श्रीलंका, म्यानमार, थायलंड, कंबोडिया, लाओस हे थेरवादी देश. मात्र देशाला एकच रंग दिलेल्या नकाशांत चीनच्या युन्नानमधले दाई आणि व्हिएतनामच्या मेकाँग खोऱ्यातले ख्मेर हे थेरवादी लोक हमखास सुटतात.

खरी चूक होते ती जुन्या मजकुरात सरसकट ‘हीनयान’ खोडून ‘थेरवाद’ घालताना. प्राचीन भारतात महायानाबाहेरचे अनेक निकाय, म्हणजे भिक्खूंचे संप्रदाय, होते. काश्मीर-गांधारातले सर्वास्तिवादी थेरवादी नव्हेत. आपल्याकडे तर शिलालेखच बोलतात : कार्ल्याच्या लेखात महासांघिकांचं नाव आहे, नाशिकला सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीनं दिलेलं लेणं भद्रायणीय भिक्खूंसाठी होतं, जुन्नरला धर्मोत्तरीय भेटतात. महासांघिक आणि स्थविर (थेरवाद ज्यांचा वारसा सांगतो ते) तर जुन्या फुटीत एकमेकांपासून वेगळे झालेले. त्यांच्या कार्ल्याला ‘थेरवादी लेणी’ म्हणणं म्हणजे एक चूक काढून दुसरी बसवणं. निकायाचं नाव कोरलेलं असेल तर तेच द्यावं, नसेल तर ‘प्रारंभिक बौद्ध लेणी’ म्हणून शतक लिहावं. बुद्धमूर्ती नसून नुसता स्तूप असणं ही काळाची खूण आहे, निकायाची नव्हे.

महाराष्ट्रातल्या बौद्धांना मात्र यांपैकी कुठलंच नाव चिकटवू नये. २०११च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख इथले. १९५६ साली नागपुरात डॉ. आंबेडकरांना दीक्षा देणारे भिक्खू चंद्रमणी थेरवादी परंपरेतले होते, पण बाबासाहेबांनी अनुयायांना दिलेल्या २२ प्रतिज्ञा त्यांच्या स्वतःच्या. इथे नुसतं ‘बौद्ध’ लिहावं. आंबेडकरांनी मांडलेली वैचारिक धारा सांगायची असेल तरच ‘नवयान’.