टाइलखालचा रबर आणि ताबापत्रावरची तारीख

वरच्या मजल्यावरच्या आवाजाची पत्रं दर महिन्याला येतात. हे जळगावहून आलंय. वरच्या घरात पहाटे खलबत्ता सुरू झाला की खाली मांडणीवरच्या कपबश्या वाजतात. टाइलखाली रबराचा थर देऊ असं करारात होतं. वरच्यांनी फुटकी टाइल काढली तेव्हा खाली नुसता सिमेंटचा माल निघाला. चार वर्षं बिल्डरला फोन, उत्तर एकच, ‘बघतो भाऊ’. ‘आखाजीला पाच वर्षं होतील, तोवर तक्रारीला वेळ आहे ना?’ असं विचारलंय.

नाही. आखाजीला तुम्ही गृहप्रवेश केलात. ताबापत्रावर तुमची सही त्याआधीच्या संक्रांतीच्या आठवड्यातली आहे. रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम १४(३) मधली पाच वर्षं ताब्यापासून मोजतात, वास्तुशांतीपासून नाही. दिवाळी होऊन गेली, म्हणजे हातात जेमतेम दोन महिने. या मुदतीत दोष बिल्डरच्या नजरेस आणला पाहिजे, आणि फोनचा पुरावा काय देणार? चार वर्षांत एक कागद लिहिला नाहीत! याच आठवड्यात ताब्याची तारीख, करारातलं कलम आणि फोटो घालून नोटीस पाठवा, स्पीड पोस्टाने, पोचपावती घेऊन. तिथून ३० दिवसांत त्याने फुकट दुरुस्ती करायची. नाही केली तर महारेराकडे, म्हणजे याच कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, भरपाई मागता येते. निकाल ६० दिवसांत द्यावा असं कायद्यात आहे. त्या भरवशावर राहू नका.

एक मेख आहे. तुमचे कान वाचवणारा रबर वरच्यांच्या फरशीखाली हवा, तुमच्या नव्हे. परिशिष्टात रबराच्या थरापुढे ‘सर्व सदनिका’ असेल तर बाजू भक्कम. ‘सदर सदनिका’, म्हणजे फक्त तुमची, असेल तर अवघड. तुम्ही कराराची पहिली आठच पानं पाठवलीत, परिशिष्ट शेवटी असतं. म्हणून वरच्यांशी भांडू नका, त्यांनाही तक्रारदार करून घ्या. फसवणूक त्यांचीही झालीच आहे.

स्लॅब जाड आहे, असं बिल्डर म्हणेल. जाड स्लॅब बोलणं, टीव्ही अडवतो. बत्त्याचा ठोका टाइलमधून थेट काँक्रीटमध्ये उतरतो, तो मध्ये मऊ थर असला तरच मरतो. तोवर खलबत्त्याखाली जाड रबरी मॅट ठेवा म्हणावं.

आणि ती काढलेली टाइल मिस्त्रीने परत बसवण्याआधी उघड्या जागेचे फोटो काढा, मोजपट्टी ठेवून.