राजवाडा सगळ्यात शेवटी

अगं, तू काल म्हणालीस ना, राजवाड्याच्या बाजारातल्या गर्दीत स्कूटी न्यायची म्हटलं की हातपाय गळतात. लग्न होऊन इंदूरला आले तेव्हा माझंही तेच होतं. दोन वर्षं रिक्षानेच फिरले, आणि भीती कमी व्हायची सोडून वाढतच गेली. टाळलं की तेवढ्यापुरतं हायसं वाटतं, पण मन शिकतं ते एवढंच: टाळलं म्हणून वाचलो.

म्हणून एकदम राजवाडा गाठू नकोस. मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५८ साली मांडलेली पायरी-पायरीची पद्धत मला लागू पडली. भीतीला ० ते १०० गुण दे. रविवारी सकाळी सहाला रामबागेतल्या गल्ल्या, माझ्यासाठी २०. मग राजवाड्याजवळच्या कृष्णपुरा छत्र्यांपर्यंत (होळकरांच्या समाध्या), ५०. संध्याकाळचा राजवाडा सगळ्यात शेवटी. एकाच पायरीवर पंधरा दिवस गेले तरी जाऊ देत. फक्त भीती चढलेली असताना घरी परतू नकोस. गाडी कडेला लाव, भीती उतरू दे, मग पुढे नीघ.

हँडल किती घट्ट धरतेस तेही बघ. माझी बोटं पांढरी पडायची, खांदे कानाला लागायचे. सिग्नलला बोटं सैल सोड, श्वास सावकाश बाहेर टाक. मागून हॉर्न वाजले तर वाजू देत.

भीतीने झोप उडाली असेल, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांना भेटच, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

या रविवारी पहिल्या फेरीला मी मागे बसते. येताना पोहे-जिलबी खाऊ.