परागकण कुक्षीला, म्हणजे फुलातल्या स्त्रीकेसराच्या टोकाला, कशाने चिकटतात? तिथे डिंकासारखं काही असतं का?

सगळ्या झाडांत नसतं. टोमॅटो, तंबाखूची कुक्षी तयार झाली की पाझरते, त्या चिकट ओलाव्यात कण रुततात. मोहरी, कोबीची कुक्षी कोरडी. तिथे परागकणाचं कवच आणि त्यावरचा तेलकट लेप पकड घेतात. मग कुक्षीतलं पाणी कणात शिरतं, कण फुगतो आणि त्याला अंकुरासारखी परागनलिका फुटते, ती आत बीजांडापर्यंत जाते.

पण "पराग चिकटलेच नाहीत" हे वाक्य मी घरात इतक्यांदा ऐकलंय की लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमचं चांदवडकडे अर्धा एकर कांदा बीजोत्पादन होतं. फेब्रुवारीत डोंगळे, म्हणजे कांद्याचे फुलांचे दांडे, ऐन फुलोऱ्यात असताना फुलकिडे दिसले, आणि दादानं सकाळी दहाला फवारा मारला. मी नको म्हणत होतो. दुसऱ्या दिवशी सरीत मधमाश्या मरून पडलेल्या, एकीच्या पायाला परागाची गोळी तशीच. एप्रिलमध्ये गोंडे चोळले तर हाती फोलपटं. दादा म्हणाला, हवा कोरडी होती, पराग चिकटलेच नाहीत.

मी तेव्हा रोज भिंग घेऊन बसायचो. कांद्याचं फूल उमलतं तेव्हा कुक्षीवृंत, म्हणजे कुक्षीचा देठ, जेमतेम मिलिमीटरभर असतो. सहाही पुंकेसरांचे पराग सांडून झाले की मग तो पाचेक मिलिमीटर वाढतो, टोक फुगतं, चमकायला लागतं. म्हणजे कुक्षी तयार होईतो त्या फुलाचे स्वतःचे पराग संपलेले. दुसऱ्या फुलाचे कोणीतरी आणून द्यावे लागतात. फवारणीनंतर मी पाहिलेली टोकं चमकत होती, पण त्यांवर कणच नव्हते. एका फुलात तीन कप्पे, प्रत्येकात दोन बीजांडं. सहा बिया धरायच्या तिथे एक नाही.

फुलोऱ्यात फवारू नका. अगदीच गळ्याशी आलं तर संध्याकाळी, माश्या घरी गेल्यावर. कडक ऊन आणि कोरड्या वाऱ्यानं कुक्षी लवकर सुकते हे खरं, दादाचं तेवढं मान्य.

पण टाकीतलं औषध संपलं म्हणून बांधाकडच्या दोन ओळी राहिल्या होत्या. त्यांच्यावरून मी रोज सकाळी हाताला मलमलचं फडकं गुंडाळून गोंड्यागोंड्यावर फिरवलं. त्या ओळींचं बी काळंभोर, टपोरं भरलं. हवा तीच होती, दादा.